३.७३ चं क्राऊन-पिनियन : रोजच्या गाडीत आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगून ठेवतो, ही माझी एकुलती एक गाडी आहे. ऑफिसला तीच, सामान आणायला तीच, सुट्टीत लांब जायचं तरी तीच, त्यामुळे ट्रॅकवर ट्रेलरने नेणाऱ्यांनी हे वाचून माझ्याशी भांडू नका, तुमचं गणित वेगळं आहे. गाडी मस्टँग जीटी, ४.६ लिटरचं व्ही८, पाच गिअरचा मॅन्युअल, मागे ८.८ इंची सॉलिड ॲक्सल आणि त्यातल्या क्राऊन-पिनियनचा (इंजिनचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीचा) कंपनीतून आलेला रेशो ३.२७.

३.२७ वाईट होता का? नाही. पण आळशी होता. पहिला गिअर ६००० आरपीएमला ६६-६७ च्या स्पीडपर्यंत ताणला जायचा, म्हणजे सिग्नलवरून निघालं की पहिलाच गिअर संपता संपायचा नाही. पाचवा तर नावालाच होता. ७० ला पाचवा टाकला की इंजिन जेमतेम साडेबाराशेवर, जरा चढ आला की घुं घुं करायला लागायचं आणि मग चौथा, कधी तिसरासुद्धा. व्ही८ घेऊन सारखा गिअर लिव्हरशी खेळ करायचा असेल तर व्ही८ घेतलं कशाला राव.

तर ठरलं की क्राऊन-पिनियन बदलायचं. डोळ्यासमोर पर्याय तीनच, ३.५५, ३.७३ आणि ४.१०. ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी एवढंच, की क्राऊनच्या (जोडीतल्या मोठ्याच्या) दात्यांना पिनियनच्या (छोट्याच्या) दात्यांनी भागायचं. ३.७३ म्हणजे ४१ ला ११, ४.१० म्हणजे ४१ ला १०, ३.५५ म्हणजे ३९ ला ११. आकडा मोठा तितका प्रॉपेलर शाफ्ट चाकाच्या एका फेरीला जास्त फिरतो, चाकाला टॉर्क जास्त मिळतो आणि त्याच स्पीडला इंजिनही जास्त फिरतं. पॉवर काही वाढत नाही, हे लक्षात ठेवा. घोडे तेवढेच, फक्त लगाम आखूड केला.

आता खरी गंमत. एका मित्राकडे एलएस१ इंजिनची (जीएमच्या व्ही८ ची) गाडी आहे, सहा गिअरचा टी५६ गिअरबॉक्स, आणि त्याने ४.१० घातलंय, तो मला महिनाभर सांगत होता की ४.१० च घाल, हायवेला काही फरक पडत नाही, मी रोज चालवतो. तो खोटं बोलत नव्हता. पण त्याचा सहावा गिअर ०.५० चा आहे आणि माझा पाचवा ०.६८ चा. गिअरचा आकडा गुणिले मागचा रेशो म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या किती फेऱ्या. ०.५० गुणिले ४.१० केले की २.०५. माझे ०.६८ गुणिले कंपनीचे ३.२७ केले की २.२२. म्हणजे टायर सारखे धरले तर त्याची गाडी ४.१० घालूनसुद्धा माझ्या न बदललेल्या गाडीपेक्षा हायवेला शांत! त्याचं ऐकून मी ४.१० घातलं असतं तर माझा गुणाकार जातो २.७९ वर. मित्राचा रेशो मागून आणू नका, त्याचा गिअरबॉक्सही येणार असेल तरच आणा.

म्हणून मी कागद घेऊन बसलो. टायर २४५/४५ आर१७, उंची साधारण २५.७ इंच, घेर २.०५ मीटर. टॉप गिअरमध्ये १०० च्या स्पीडला ३.२७ वर इंजिन १८०० आरपीएम, ३.५५ वर १९६०, ३.७३ वर २०६० आणि ४.१० वर जवळपास २२७०. शंभरला हे सगळे ठीकच वाटतात, पण मी हायवेला १२० धरून चालतो आणि तिथे ३.७३ वर २४७५ होतात तर ४.१० वर २७२०. माझा एक्झॉस्ट कंपनीचा नाही, आणि २७०० ला तो असा काही घुमतो की दोन तासांनी डोकं भणभणतं. (हे नुसतं कागदावरचं नाही, चौथ्या गिअरमध्ये तेवढ्या आरपीएमवर अर्धा तास मुद्दाम चालवून बघितलं. कुणालाही फुकटात करता येतं, गिअर विकत घ्यायच्या आधी कराच.) त्या अर्ध्या तासातच ४.१० बाद झालं.

उरले ३.५५ आणि ३.७३. ३.५५ घातलं तर फरक साडेआठ टक्के, ३.७३ ला १४ टक्के. आणि डिफरेन्शियल (ॲक्सलच्या मधला गोळा, ज्यात क्राऊन-पिनियन असतं) उघडायची मेहनत दोन्हीला सारखीच. एवढा खटाटोप करून आठ टक्के घ्यायचे म्हणजे पोहायला जाऊन पाय भिजवून यायचं. ३.७३ घेतलं.

फरक कसा वाटला ते सांगतो. ज्यांना वाटतं गाडी रॉकेट होते त्यांनी पी हळद आणि हो गोरी असं समजू नये. जाणवतो तो फरक रोजच्या चालवण्यात, क्लच सोडताना. पहिल्या गिअरची एकूण पट ११ वरून १२.६ वर गेली, गाडी नुसत्या क्लचवर उचलते, ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट धरून ठेवायला लागत नाही. दुसऱ्यात रांगणं जमतं. पाचवा गिअर आता खरंच गिअर झालाय, ८० ला टाकून ठेवतो आणि हलक्या चढाला पाय थोडा दाबला की पुरतं. ओव्हरटेकला पूर्वी थेट तिसरा लागायचा, आता बऱ्याचदा चौथ्यात काम होतं. पावसात मात्र पहिल्या गिअरमध्ये उजवा पाय जपून, मागची चाकं लगेच सुटतात.

आणि एक चेष्टा ऐका. पूर्वी दुसरा गिअर ६००० ला ११२ पर्यंत जायचा, आता ९९ ला संपतो. नव्व्याण्णव! म्हणजे ०-१०० करताना एक गिअर जास्त टाकावा लागतो, शेवटच्या एका किलोमीटरसाठी. जे लोक ०-१०० चा आकडा सांगायलाच गिअर बदलतात त्यांनी ही आकडेमोड घरी करून मगच ऑर्डर द्यावी. मला फरक पडत नाही, मी टायमर घेऊन ऑफिसला जात नाही.

स्पीडोमीटर. हे विसरू नका. माझ्या गाडीत स्पीडचा सिग्नल गिअरबॉक्सच्या शेपटातून येतो, डिफरेन्शियलच्या आधीच, त्यामुळे रेशो बदलला की मीटर चुकतो. खरे १०० असताना माझा ११४ दाखवत होता. पहिला आठवडा मी तसाच फिरलो आणि मायलेज वाढलं म्हणून खूश होतो, सगळ्यांना सांगत सुटलो की बघा गिअर बदलून मायलेज वाढतं. मग डोक्यात प्रकाश पडला की ओडोमीटरसुद्धा १४ टक्के जास्त धावतोय, मायलेज कुठलं वाढायला. कॅलिब्रेशन करून घेतल्यावर खरं चित्र आलं, शहरात जवळपास पूर्वीइतकंच, कारण पाय कमी दाबावा लागतो, आणि हायवेला थोडं कमी. जुन्या गाड्यांत प्लास्टिकचा छोटा गिअर बदलून काम होतं, नव्यांत ट्यूनर किंवा कॅलिब्रेटर लागतो. आपल्या गाडीत सिग्नल कुठून येतो ते आधी विचारा, काहींमध्ये चाकाच्या सेन्सरवरून येतो, त्यांना हा त्रास नाही.

आता गिअर सेटबद्दल काय म्हणायचं ते म्हणतो, आणि बसवण्याबद्दल वेगळं, कारण दोन्हीला एकच मार्क देणं अन्याय होईल. सेट चांगला. दाते स्वच्छ, बॅकलॅशचा (दात्यांमधल्या मोकळ्या फटीचा) आकडा कोरलेला, बरोबरच्या कागदात सगळं नीट लिहिलेलं. ४१ आणि ११ यांना एकाच आकड्याने भाग जात नाही, म्हणून प्रत्येक दाता कधी ना कधी समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. सेटला पाचपैकी साडेचार.

बसवणाऱ्याला पहिल्या वेळी शून्य. नाव घेत नाही. त्याने जुन्या पिनियनखालची शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) तशीच नव्याला लावली, बेअरिंग जुनीच ठेवली, आणि दात्यांना रंग लावून ते एकमेकांना कुठे टेकतात तो ठसा बघितलाच नाही. गाडी घेऊन निघालो, ७० पर्यंत ठीक, ८० ला पाय सोडला की मागून असा आवाज की कुणीतरी सीटखाली शंख फुंकतंय. म्हणाला रन-इन झाला, दाते एकमेकांत बसले की जाईल. नाही जात! लक्षात ठेवा, गिअरचा आवाज घासून घासून जात नाही, उलट दाते चुकीच्या जागी झिजतात आणि मग दुरुस्त करायचीही सोय राहत नाही.

दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो, त्याने कव्हर काढून दात्यांना पिवळा रंग फासला, फिरवला आणि मला बोलावून दाखवलं. ठसा दात्याच्या मध्यावर हवा, माझा पार वरच्या कडेला होता. म्हणजे पिनियन क्राऊनपासून लांब बसलाय, जाड शिम हवी. शिम बसवायची म्हणजे पिनियन बाहेर, म्हणजे बेअरिंग दाबून काढायची, म्हणजे क्रश स्लीव्ह नवी. ही स्लीव्ह एकदाच वापरायची वस्तू, नट आवळताना ती दबत जाते आणि त्यावर बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर कायम राहणारा दाब) ठरतो, जास्त दबली की नट सैल करून चालत नाही, टाकायची आणि दुसरी घ्यायची. त्या माणसाने नट थोडा आवळायचा, पिनियन फिरवून मोजायचं, परत थोडा आवळायचा, असं बराच वेळ केलं. बघतानाच कळतं की हा माणूस काम करतोय. बेअरिंग, सील सगळं नवं घातलं. तीनदा शिम बदलल्या. शंख गेला. ऐंशी-पंच्याऐंशीला पाय सोडला की एक बारीक सूर अजून येतो, पण तेवढं चालतं.

म्हणून सेट निवडायला जेवढे दिवस घालवाल त्याच्या दुप्पट दिवस बसवणारा शोधायला घालवा. त्याला एकच प्रश्न विचारायचा, ठसा दाखवशील का. का-कू केलं की पुढचं गॅरेज.

रन-इन कागदात लिहिलंय तसंच केलं. सुरुवातीला वीसेक मिनिटं हलकी चालवायची, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, असं दोन-तीनदा, पहिले ८०० किलोमीटर जोर नाही, मग ऑइल बदलायचं. काढलेलं ऑइल काळपट चांदीसारखं चमकत होतं, ती बारीक झीज, घाबरायचं कारण नाही, तुकडे निघाले तर घाबरा. क्लचवालं लिमिटेड स्लिप (एकच चाक सुटून फिरू नये असं डिफरेन्शियल) असेल तर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारं द्रव्य) घालायला विसरू नका, मी पहिल्यांदा विसरलो आणि पार्किंगमध्ये वळताना मागून कडकड, मला वाटलं झालं, परत उघडायला लागणार.

ऑटोमॅटिकवाल्यांनी माझे आकडे उचलू नका. २०१८ च्या मस्टँग जीटीला दहा गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर ३.१५ यायचा, वाचून वाटतं किती लांब (छोट्या आकड्याचा) रेशो, पण त्याचा पहिला गिअरच ४.७० चा आहे, गुणाकार १४.८. माझ्या १२.६ पेक्षा कितीतरी आखूड. अशा गाडीत ३.७३ घालून पहिला गिअर डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपेल, बाकी काही नाही. आणि काही ॲक्सलमध्ये ठराविक रेशोच्या पुढे कॅरिअरच (ज्यावर क्राऊन बसतो तो भाग) बदलावा लागतो, ८.८ मध्ये ती भानगड नाही, पण तुमच्यात आहे का ते बघा.

आता टायर बदलायला आलेत. २७ इंची दिसायला झकास दिसतात, मोह होतोय. पण २५.७ च्या जागी २७ घातले की माझा ३.७३ रस्त्यावर ३.५५ सारखा वागणार, म्हणजे दोनदा डिफरेन्शियल उघडून जे मिळवलं त्यातलं ४० टक्के टायरवाल्याकडे ठेवून यायचं, आणि मीटर परत चुकणार तो वेगळाच. साईज तीच घेतोय.