स्विमिंग पूलच्या कडेला काय बरं, लॉन, दगड की टर्फ?

कर्जतजवळ आमचं छोटं घर आहे, तिथे २४ बाय १२ चा पूल. गेल्या सहा वर्षांत त्याच्या कडेला मी तिन्ही गोष्टी करून पाहिल्यात, आधी मेक्सिकन लॉन, मग एका बाजूला दगड आणि आता टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं कृत्रिम गवत. ओळखीतले दोन-तीन जण सध्या हेच विचारतायत म्हणून सगळं एकदाच लिहितो. माझी जागा, आमची माती, आमचा पाऊस, तुमच्याकडे गणित थोडं वेगळं असू शकतं हे धरूनच वाचा.

लॉनपासून सुरू करतो कारण खरं प्रेम तिथेच होतं. पायाला लॉनसारखं सुख दुसऱ्या कशात नाही. गवत पानांतून पाणी सोडत राहतं त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी पण त्यावर अनवाणी चालता येतं, पोरं पाण्यातून निघाली की थेट लॉनवर लोळायची. तरीपण पूलला लागून असलेलं मी काढलं, आणि कारण एकच, पाण्यात येणारी घाण.

आम्ही शनिवारी सकाळी पोचतो. जागा सांभाळणारे काका आदल्या दिवशी लॉन कापून ठेवायचे, आम्ही येणार म्हणून मुद्दाम, आणि ते कापलेलं बारीक गवत कितीही गोळा केलं तरी ओल्या पायांना चिकटून पूलमध्ये जायचंच. पाच-सहा माणसं चार-चार वेळा आत-बाहेर केली की स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड) बास्केट भरलेली, पाण्याची ओढ कमी झालेली, की मी पाण्याबाहेर येऊन बास्केट रिकामी करतोय, परत तासाभराने तेच. पावसाळ्यात त्यात चिखल आणि गांडुळं. जोराचा पाऊस झाला की जमिनीत पाणी भरतं आणि गांडुळं वर येतात, आणि सकाळी पूलच्या तळाशी पन्नास-साठ पडलेली असायची. आईने तर जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यात उतरणंच सोडलं. आणि एक गोष्ट उशिरा कळली, लॉनला टाकलेला युरिया, डीएपी पावसाबरोबर पूलमध्ये येतो आणि शेवाळाला तेच खत होतं, आम्ही क्लोरीन वाढवत बसलो आणि पाणी हिरवं होतच राहिलं. दोन दिवसांच्या सुट्टीतला अर्धा दिवस जाळीने कचरा काढण्यात आणि बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुण्यात जायचा. गुडघ्यांच्या त्रासासाठी बाबांना पाण्यात चालायला सांगितलंय, पूल बांधला तो त्यासाठी, आणि ते कडेला खुर्चीत बसून माझी साफसफाई संपायची वाट बघतायत हे मला बघवेना.

दगडाचं थोडक्यात सांगतो. पाणी स्वच्छ राहतं, यात वादच नाही. पॉलिश केलेला कोटा कडेला नकोच, ओल्या पायाला तो काचेसारखा. कडप्पा काळा म्हणून तापतो. रफ फिनिश घेतला तर पकड चांगली मिळते, पण कर्जतच्या पावसात महिनाभरात त्यावर शेवाळाचा पातळ थर येतो, आणि दर आठवड्याला ब्रशने घासणारं माणूस नसेल तर तो दगड पण घसरतो. पडलं की दगडावर पडणं, ही भीती म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोघांसाठी खरी आहे. कमी पावसाच्या भागात असाल तर मी दगडाचाच विचार जास्त करेन.

आता टर्फ. पहिल्यांदा लावलं तेव्हा कामवाल्याने जुन्या काँक्रीटवर उतार न देता थेट चिकटवून टाकलं, खालची बाजू साध्या लॅटेक्सची. पहिल्याच पावसाळ्यात खाली पाणी साचून वास यायला लागला आणि कडा उचलल्या. सगळं उपटून परत केलं, काँक्रीट फोडून खाली खडी, वर ग्रिट, म्हणजे बारीक खडीचा चुरा, दाबून साधारण चार इंचाचा बेस, पूलपासून बाहेरच्या दिशेला उतार, आणि पॉलियुरेथेन बॅकिंगचं, भोकं असलेलं टर्फ. तेव्हापासून मोठी सर येऊन गेली तरी थोड्या वेळात पाणी निचरलेलं असतं. म्हणजे वरचं गवत किती दाट, किती हिरवं यापेक्षा खालचं काम कोण करतंय ते बघा, पैसे तिथे घाला.

ऊन हा टर्फचा खरा दोष. एप्रिल-मे मध्ये बारा ते चार त्यावर अनवाणी उभं राहवत नाही, माझी मुलगी पळत जाऊन थेट पाण्यात उडी मारते. पाइपने पाणी मारलं की गार होतं पण थोड्याच वेळात परत तापतं. आम्ही पश्चिमेच्या बाजूला शेडनेट लावलं, त्याने बराच फरक पडला. घराला आरशासारख्या काचा असतील तर त्यांचा कवडसा कुठे पडतो ते आधी बघून घ्या, तशा उन्हाने धागा वितळू शकतो. पूलच्या पाण्यातल्या क्लोरीनने काही होत नाही, फक्त सुकी पावडर त्यावर सांडू देऊ नका. टर्फच्या धाग्यांमध्ये भरायला सिलिका वाळू टाकतात ती कमीत कमी टाकायला सांगा, नाहीतर गवताच्या जागी वाळू पाण्यात येईल. आणि शेवटी हे प्लास्टिक आहे, काही वर्षांनी फेकावं लागणार आणि त्याच्या खालची माती तोवर बंद, हे मला आजही टोचतं.

म्हणूनच सगळीकडे टर्फ नाही लावलं. पाण्याला लागून दीड फूट रफ दगड, मग पाच फुटांचा टर्फचा पट्टा आणि त्यापलीकडे लॉन तसंच. तो पट्टा म्हणजे आमच्याकडे पूलभोवतीचं मोठं पायपुसणं झालंय, लॉनवरून येणारा पाय त्यावर चार पावलं पडला की गवत, माती तिथेच राहते. गांडुळं अजून येतात पण चार-दोन. बास्केट मी आता शनिवारी एकदा काढतो आणि थेट रविवारी निघताना. पट्ट्यावरचं अडकलेलं गवत काका कडक झाडूने उलट्या दिशेने काढतात, दहा मिनिटांचं काम.

तुमच्याकडे रोज बघणारा माळी असेल आणि पूल दुपारीच जास्त वापरत असाल तर लॉन ठेवलंत तरी चुकणार नाही. आमच्यासारखं आठवड्यातून दोन दिवस जाणं असेल, घरात वयस्कर माणूस असेल आणि पाऊस कोकणासारखा असेल, तर मी पट्ट्यापुरतं तरी टर्फच सांगेन. घेण्याआधी दुकानातून दोन-तीन नमुन्यांचे तुकडे आणा, मे महिन्यात दुपारी एक वाजता पूलच्या कडेला ठेवा, अर्ध्या तासाने अनवाणी उभे राहा, आणि मग त्याच तुकड्यावर बादलीभर पाणी ओतून खालून किती वेगाने जातं ते बघा. ३५ एमएम आणि २५ एमएम उंचीच्या धाग्यांमधला फरक मला तिथेच कळला, आम्ही २५ घेतलं.