गनमेटलचा सी-कॉक आणि पॉलियुरेथेन सीलंट: अख्ख्या मोसमानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मासेमारीची होडी वर घेऊन शाकारली तेव्हा इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारा पितळी व्हॉल काढून टाकला आणि तिथे गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) सी-कॉक, म्हणजे तळातल्या भोकावर बसणारा, दांड्याने उघड-बंद होणारा व्हॉल बसवला. ऑगस्टपासून मे संपेपर्यंत तो पाण्यातच होता. आता होडी पुन्हा वर आली आहे, व्हॉल आतून-बाहेरून बघून झालाय, म्हणून लिहितोय. वस्तू चांगली आहे, महाग आहे. आणि भोकाभोवती भरायच्या चिकट सीलंटला लोक जेवढं श्रेय देतात तेवढं त्याचं नाही.

होडी फायबरची, इंजिन आत, बंदर हर्णै. आमच्याकडे होडी नांगरावर असते आणि रात्री तिच्यावर कुणी असेलच असं नाही. त्यामुळे तळातली गळती हा झोपेचा प्रश्न. पाण्याखाली एक फुटावर २५ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं, म्हणजे तासाला अडीच टनांच्या आसपास. तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची बॅटरी त्याच्याशी किती वेळ झुंजणार?

आमची गळती एवढी मोठी नव्हती. सकाळी गेलं की तळात चार-पाच बादल्या पाणी. तांडेलांचा (होडी चालवणाऱ्या प्रमुखांचा) संशय ग्लँडवर, म्हणजे पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथल्या दोरा भरलेल्या सांध्यावर. तो वावगा नव्हता, कारण ग्लँडमधून इंजिन चालू असताना थोडे थेंब पडायलाच हवेत, नाहीतर आतला दोरा तापून जळतो. पण आवळून-दोरा बदलूनही पाणी कमी होईना. मग मासळीच्या खणातल्या बर्फाचं पाणी असेल असं ठरलं. पाणी चाखून खारं की गोडं ते कळतं म्हणतात, पण मासळीचं पाणी आणि डिझेल मिसळल्यावर काय डोंबल कळणार! शेवटी बर्फ भरायच्या आधी तळ फडक्यांनी कोरडा केला आणि तळाला भोक असलेल्या प्रत्येक जागेभोवती पांढऱ्या रांगोळीची रेघ ओढली. ग्लँड, कूलिंगचा आणि डेक धुण्याचा असे दोन्ही व्हॉल, सुकाणूचा दांडा, सगळीकडे. तासाभराने कूलिंगच्या व्हॉलपाशी रेघ भिजून करडी झाली होती, बाकी सगळ्या कोरड्या. या पद्धतीला पैसे लागत नाहीत आणि वाद मिटतो. मात्र होडी स्थिर असताना करा. खवळलेल्या पाण्यात डुलणाऱ्या होडीत रेघा आपोआप मोडतात.

मोसम संपेपर्यंत एपॉक्सी पुट्टी थापून वेळ काढली. १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली, उधाणाच्या भरतीला आंजर्ल्याच्या खाडीत होडी वर घेतली आणि पुट्टी खरवडली. खालचं धातू पिवळं नव्हतं, गुलाबी होतं. पान्याला जोर लावण्याआधीच व्हॉलचा गळा पेचाच्या आट्यांपाशी कचकन तुटला. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तसाच दिसतो, ताकद गेलेली असते. भोवती कितीही चांगलं सीलंट भरलं असतं तरी हा व्हॉल एखाद्या दिवशी लाथ लागून मोडलाच असता. म्हणून माझं सगळ्यांना पहिलं सांगणं असं की गळती दिसली की नळीभर सीलंट आणायला धावू नका, आधी धातू खरवडून बघा. हिरवट थर चालतो, गुलाबी रंग चालत नाही.

दुकानात एक अडचण येते. निकेलचा मुलामा दिलेला चकचकीत व्हॉल ‘मरीन’ म्हणून पुढे केला जातो आणि आत काय आहे ते दिसत नाही. घरच्या टाकीला तो ठीक आहे. पाण्याखाली लावायचा तर गनमेटल किंवा ब्राँझ घ्या, नाहीतर निदान जस्त न सोडणारं पितळ. त्यावर बहुधा डीझेडआर किंवा सीआर अशी अक्षरं कोरलेली असतात. काचतंतू भरलेल्या नायलॉनचेही व्हॉल मिळतात, ते गंजतच नाहीत. पण आमच्या इंजिनरूममध्ये कोणाचा पाय कुठे पडेल याचा भरवसा नाही, म्हणून मी धातूवर राहिलो. आट्यांकडेही लक्ष द्या. तळातून येणाऱ्या नळीच्या आट्या सरळ असतात आणि बऱ्याच व्हॉलच्या निमुळत्या. दोन फेऱ्यांत आवळल्यासारखं वाटतं, पण प्रत्यक्षात दोनच आट्यांवर सगळा भार असतो. आम्हाला नळी आणि व्हॉल अशी जोडी एकाच ठिकाणून घ्यावी लागली.

बसवायला सिकाफ्लेक्स २९१ आय हे पॉलियुरेथेन सीलंट वापरलं. ते हवेतल्या ओलाव्यावर सुकतं, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात चांगलं चालेल असं वाटतं. सुकतं खरं, पण चिकटायला पृष्ठभाग कोरडाच लागतो. जूनमध्ये फायबर कोरडं ठेवायचं म्हणजे वर ताडपत्री आणि खाली दिवसभर हॅलोजनचा दिवा. जुना रंग घासून काढला, भोकाच्या कडेला उघडा पडलेला फायबर एपॉक्सीने बंद केला, आतल्या बाजूला फायबरचाच जाड पॅड चिकटवला. हा पॅड टाळू नका, नाहीतर व्हॉलला बसलेला धक्का पातळ तळावर जातो. सीलंट भरपूर लावून नट बेताने आवळला. जीव काढून आवळला की सगळं सीलंट बाहेर येतं आणि मध्ये काहीच उरत नाही. दिवसाला साधारण ३-४ मिलिमीटर सुकतं, आम्हाला घाई नव्हती. थ्री-एम कंपनीचं ५२०० हे सीलंट घ्यायचा विचार होता, पण ते कायमचं धरतं, पुढे व्हॉल काढायची वेळ आली तर फायबर सोलून निघेल. आणि सिलिकॉन पाण्याखाली नकोच.

आता मोसमातलं. पाण्यात उतरवल्यावर पहिल्याच आठवड्यात रबरी नळीच्या टोकाला थेंब दिसला. व्हॉल निर्दोष होता, क्लिपचा स्क्रू गंजला होता. पट्टी स्टीलची आणि स्क्रू भलत्याच धातूचा, असं सर्रास असतं. लोहचुंबक लावून बघा, चांगल्या ३१६ स्टीलला तो जवळपास चिकटत नाही. तेव्हापासून नळीला दोन-दोन क्लिपा आहेत.

खरा फायदा जेलीफिश आल्या तेव्हा कळला. इंजिनाचं पाणी गाळणारी जाळी तुंबली, इंजिन तापायला लागलं. पूर्वी व्हॉल बंद करायची हिंमतच नव्हती, न जाणो हातात आला तर. आता दांडा पाव फेरा वळवला, पाणी बंद, जाळी धुतली, पुन्हा चालू. पंधरा मिनिटांत काम.

तक्रारही आहे. दांडा जानेवारीत इतका जड झाला की दोन हात लावावे लागले. महिन्यातून एकदा उघड-बंद केला नाही तर आत मीठ आणि शिंपल्या बसतात, हे पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही. आता डिझेल भरताना तो फिरवायचा अशी खलाशांना सवय लावली आहे. दुसरी तक्रार किमतीची. पितळी व्हॉलच्या कितीतरी पट पैसे गेले, आणि पॅड, एपॉक्सी, क्लिपा धरल्या तर हिशोब सांगवत नाही.

परवा वर घेतल्यावर बाहेरची कड नखाने खरवडली. सीलंट लवचीक आहे, कुठे सुटलेलं नाही. बाहेरच्या जाळीवर शिंपल्यांचा थर आहे, तो आमच्या रंगाचा दोष. धातू खरवडल्यावर तांबूस-पिवळं, पेचाच्या आट्या धारदार. व्हॉल मोडलाच तर भोकात ठोकायला सुताराकडून पांगाऱ्याची निमुळती खुंटी करून व्हॉलला दोरीने बांधून ठेवली आहे, ती अजून वापरावी लागलेली नाही. या जूनमध्ये डेक धुण्याचा दुसरा पितळी व्हॉल काढतोय, तोही तेवढाच जुना आहे. त्याची नळी २० मिलिमीटरची, तिला लागणारी गनमेटलची जोडी रत्नागिरीला मिळाली नाही, मुंबईहून मागवली आहे.