आईच्या कानांनी २०२३: काय जमलं, काय नाही

माझ्या आईला आता छापील अक्षर दिसत नाही. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात, तो झिजत गेलाय. कडेचं दिसतं, मधलं नाही. समोर बसलेल्या माणसाचे केस, कान, साडीचा काठ दिसतो आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट गोळा. चष्म्याचा नंबर बदलून यात काही होत नाही. चाळीस वर्षं ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तकं आणून वाचणारी बाई अशी रिकामी बसलेली मला बघवेना. म्हणून २०२३ मध्ये घरातली सगळी करमणूक मी कानावर आणली. त्यातलं काय जमलं आणि काय फसलं ते इथे लिहितेय. तुमच्या घरात कुणी असं असेल तर निवडताना कामी येईल.

सुरुवात ॲपपासून. महिन्याला दीडशेच्या आसपास वर्गणी, मराठी ऑडिओबुक भरपूर. मी आधी स्वतः चाखून बघायचे. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून वाशी गाडी पकडते, कोपरखैरणेपर्यंत वीस-बावीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात आवाजाची पारख होते. संध्याकाळी घरी आले की त्यातलं पास झालेलं आईला लावून द्यायचं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की पुस्तक कितीही नावाजलेलं असो, वाचणारा बरोबर नसेल तर ते आईपर्यंत पोचत नाही. काही निवेदक प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढतात, म्हातारीला कापरा, पाटलाला जाड. आई दहा मिनिटांत म्हणाली, "यानं वाचावं. नाटक मला करता येतं." तिच्या मनात पात्रं स्वतःच उभी राहतात, दुसऱ्यानं उभी केलेली मध्ये येतात. शांत, थोडा खालच्या पट्टीतला, स्वल्पविरामाला खरोखर थांबणारा आवाज तिला दोन दोन तास चालतो. वेग मी ०.९ वर ठेवते.

यंत्राच्या आवाजात वाचलेली पुस्तकंही आता बरीच आहेत. ती घेऊ नका, निदान म्हाताऱ्या माणसांसाठी तरी. इतिहासाच्या एका पुस्तकात यंत्र "एक हजार आठशे सत्तावन्न" असं वाचत होतं. आई दर वेळी मोठ्यानं दुरुस्त करायची, "अठराशे सत्तावन्न म्हण की रे." पाचव्या वेळेनंतर तिनं बंद करायला सांगितलं.

ॲपबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सगळ्यात उपयोगी अशी ही वस्तू, आणि तिची बटणं पांढऱ्यावर फिकट राखाडी. प्रकरणांना नावं नाहीत, नुसतं भाग १७, भाग १८. एक पुस्तक संपलं की न विचारता दुसरं सुरू होतं. मी ऑफिसात होते त्या दुपारी एका कादंबरीला जोडून भलत्याच कादंबरीची दीड तासाची सोबत आईला झाली. संध्याकाळी ती मला विचारत होती, की तो मास्तर एकदम मुंबईत कसा काय आला आणि त्याच्या बायकोचं पुढे काय झालं. मला रडू आलं. पूर्वी असं झालं असतं तर तिनं दोन पानं मागे उलटून बघितलं असतं. कानानं वाचणाऱ्याला मागचं पान नसतं, हे ॲप बनवणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून वापरून बघितलं तर त्यांच्या लक्षात येईल. त्यांना दोनदा लिहिलं, उत्तर नाही. झोपेचं टायमर मात्र उत्तम आहे, तीस मिनिटांनी आवाज आपोआप थांबतो.

वर्गणी भरण्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी होती. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यातही अशा वाचकांसाठी पुस्तक वेगळ्या स्वरूपात आणायला मुभा आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात इतक्या खेपा झाल्या, पण हे मला तिथे कुणी सांगितलं नाही, एका ओळखीच्या शिक्षिकेनं सांगितलं. म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

जूनमध्ये मी पुन्हा ग्रंथ संग्रहालयाची पायरी चढले. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था, आणि आईचं तिच्याशी नातं माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. आता पुस्तक मी आणते आणि रात्री जेवणं झाली की पंचवीस मिनिटं मोठ्यानं वाचते. वर्षभरात ज्यावर सगळ्यात कमी पैसे गेले, त्यातच आम्ही दोघी सगळ्यात जास्त रमलो.

मोठ्यानं वाचायला लागल्यावर लेखकांची एक नवीनच ओळख होते. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी कॉलेजात अभ्यासाला म्हणून वाचलं होतं. आता तोंडानं वाचताना समजलं, की ते मुळात बोललेलंच आहे. वाक्यं श्वासाएवढी. कुठे अडखळायला होत नाही, कुठे मागे जावं लागत नाही. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग आले तेव्हा आई इतकी हसली की मला थांबावं लागलं, आणि मग तिनं तिच्या आत्याचं सोवळं सांगायला घेतलं. त्या रात्री पुस्तकाची तीनच पानं झाली, आत्याची मात्र बरीच. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तशीच, सोप्या शब्दांची आणि छोटी. ती आम्ही अकरा रात्रींत संपवली. आईच्या डोळ्यांसमोर माळ आणि मेंढरं स्वच्छ होती. ती म्हणाली, "हे मला पूर्वीपेक्षा जास्त दिसलं." मी त्यावर काही बोलले नाही, पान उलटलं.

तळटीपांची, सनावळ्यांची आणि चार पिढ्यांच्या वंशावळीची पुस्तकं मात्र आम्ही अर्ध्यात सोडली. तो दोष त्या पुस्तकांचा नाही, ती डोळ्यांसाठीच लिहिलेली आहेत.

नाटकाला न्यायला मी घाबरत होते. पायऱ्या, अंधार, गर्दी. पण गडकरी रंगायतनला 'चारचौघी' लागलं आणि आईनंच हट्ट धरला. प्रशांत दळवींचं हे नाटक १९९१ मध्ये आलं तेव्हा तिनं वंदना गुप्तेंची विद्या पाहिली होती. चंद्रकांत कुलकर्णींनी २०२२ मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आणलं, त्यात विद्या मुक्ता बर्वे करत होत्या आणि नाटकातल्या आईची भूमिका रोहिणी हट्टंगडी. मी कडेच्या खुर्च्या घेतल्या. आईला मान जरा वळवून, नजर बाजूला ठेवून बघावं लागतं, तेव्हा कुठे माणसाची आकृती सापडते. शेजारच्या बाईंना वाटलं की हिचं लक्ष नाही.

त्या नाटकात विद्या फोनवर नवऱ्याशी बोलते तो प्रसंग तुम्ही ऐकून तरी असाल. मंचावर एकटी विद्या, हातात रिसीव्हर, पलीकडचा माणूस प्रेक्षकांना दिसत नाही, ऐकूही येत नाही. तो काय म्हणाला असेल ते विद्याच्या पुढच्या वाक्यावरून, तिच्या थांबण्यावरून ओळखायचं. तेवढा वेळ अख्खं थिएटर माझ्या आईच्या बरोबरीला आलं होतं. खरं तर आईच पुढे होती. ती माझा हात दाबून मला आधी सांगत होती, "आता तो खोटं बोलला." आणि पुढच्याच वाक्याला विद्याचा आवाज बदलायचा. तिकिटाचा एकेक रुपया तिथे वसूल झाला. बाहेर पडून आम्ही तलावपाळीला कठड्याशी बसलो, आणि आईनं वंदना गुप्तेंचा प्रयोग आणि हा प्रयोग आवाजावरून ताडून पाहिला. तेव्हाचा राग वरच्या पट्टीतला होता, आताचा खाली दबलेला, असं तिचं मत. दोन्ही तिला आवडले.

जुलैत केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' बघायला गेलो. त्यात हट्टंगडी आणि गुप्ते बहिणी आहेत, त्यामुळे दोघींचे आवाज तिनं पहिल्या वाक्यात पकडले. बाकी चौघी बहिणींपैकी कोण बोलतंय हे मला कानात सांगावं लागत होतं. मंगळागौरीचे खेळ आले तेव्हा आई साड्यांचे रंग विचारायला लागली. मी कुजबुजत सांगत होते तर पुढचे गृहस्थ वळून बघायला लागले. मी माफी मागून कारण सांगितलं. मध्यंतरात ते स्वतःहून पुढची खुर्ची सोडून बाजूला बसले, म्हणाले, बोला तुम्ही मोकळेपणानं.

घरी ओटीटीवर सिनेमे फारसे जमले नाहीत. परदेशी मालिकांना पडद्यावर काय चाललंय ते शब्दांत सांगणारा वेगळा ध्वनिपट असतो. मराठी चित्रपटाला तसा मला एकही मिळाला नाही. एका गाजलेल्या थरारपटात मी चौदा वेळा थांबवून समजावलं आणि शेवटी दोघी दमलो.

पॉडकास्टचं थोडक्यात. दोघं-तिघं मित्र गप्पा मारतात ते आईला परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, निम्मं इंग्रजीत. एकच माणूस एक विषय नीट उलगडून सांगत असेल तर ती वही मागते, टिपून ठेव म्हणून मला. जानेवारीत नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला उघड्या पटांगणात शाल घेऊन बसणारी ती, तिला वक्ता हवा असतो.

ॲपची वर्गणी मी मार्चपर्यंत ठेवणार आहे, दुपारी ती एकटी असते म्हणून. ग्रंथालयाची भरून टाकली. सध्या 'स्मृतिचित्रे' दुसऱ्यांदा चालू आहे, आईच्या फर्माईशीवरून. या वेळी ती मध्येच थांबवून पुढचं वाक्य स्वतः म्हणते, आणि मी पानावर बोट ठेवून बरोबर आलं का ते बघते.