मागच्या पर्वात काय झाले होते? वर्षभराहून अधिक काळ नवी पर्वे पाहिल्यानंतरचा अनुभव

काही महिने बंद ठेवलेले एका सेवेचे सबस्क्रिप्शन नुकतेच पुन्हा सुरू केले आणि मालिका कुठवर पाहिली होती ते शोधायला गेले, तर पाहिलेल्या भागांची सगळी नोंद पुसलेली होती. ग्राहक सेवेशी तीन दिवस लेखी वाद घातल्यावर उत्तर आले, की खाते ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ बंद राहिल्यास नोंद काढून टाकली जाते. पण दोन पर्वांमधले अंतरच त्या मुदतीहून मोठे असेल, तर मधल्या काळात पैसे वाचवणाऱ्या प्रेक्षकाने काय करायचे, याचे उत्तर मिळाले नाही. ज्या महिन्यात काही पाहायचे नाही, त्या महिन्याचे पैसे मी भरत नाही आणि यापुढेही भरणार नाही. त्या वादामुळेच जानेवारी २०२५ पासून पाहिलेल्या नव्या पर्वांविषयी सविस्तर लिहायला बसले. कथानके वाचकांना ठाऊक आहेत असे धरून चालते.

'सेव्हरन्स'चे पहिले पर्व एप्रिल २०२२ मध्ये संपले आणि दुसरे १७ जानेवारी २०२५ रोजी आले, म्हणजे मध्ये पावणेतीन वर्षे गेली. या मालिकेत शस्त्रक्रियेने कर्मचाऱ्यांची कामावरची आणि बाहेरची स्मृती वेगळी केलेली असते; त्यामुळे कथेतल्या मार्कच्या कार्यालयापुरत्या मनासाठी मात्र मध्ये क्षणभरही गेलेला नाही. तो लिफ्टमधून बाहेर पडून पांढऱ्या बोळांतून धावत सुटतो, तेव्हा त्याच्या जिवाची घालमेल आपल्यालाही तितकीच जाणवायला हवी. मला मात्र तो का धावतो आहे हे आठवायलाच वेळ लागला. पर्व लेखनात आणि अभिनयात सरस आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप १४८ दिवस आणि कलाकारांचा ११८ दिवस चालला, हेही मला मान्य आहे, आणि त्यांच्या मागण्या रास्त होत्या असेच मला वाटते. तरीही पावणेतीन वर्षांचा हिशेब तेवढ्याने जुळत नाही.

माझी खरी तक्रार आहे ती पर्वाच्या सुरुवातीला जोडलेल्या उजळणीविषयी, आणि ती किरकोळ आहे असे मला मुळीच वाटत नाही. दोन-तीन मिनिटांत संगीताच्या तालावर चेहरे झरझर सरकतात, कोणाचेही नाव नीट कानावर पडत नाही आणि प्रसंगांचा क्रमही कथेतला राहत नाही. ती सुरू होते न होते तोच कोपऱ्यात ती वगळण्याचे बटण येते, जणू ती पाहू नये अशीच बनवणाऱ्यांची इच्छा असावी. त्याहून वाईट म्हणजे मागे एकदाच दिसलेला एखादा दुय्यम माणूस या उजळणीत चार सेकंद दाखवला, की तो आता परतणार हे भाग सुरू होण्याआधीच कळते. म्हणजे जे आठवायला हवे ते आठवत नाही आणि जे कळायला नको ते कळून जाते. मोठ्या खंडानंतर परतणाऱ्या प्रत्येक मालिकेने दहा मिनिटांची, कथेच्या क्रमाने सांगणारी, नावे स्पष्ट उच्चारणारी स्वतंत्र उजळणी द्यावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

दर आठवड्याला एकच भाग देण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत वर्षभरात बदलले. वर्गणी तीन महिने चालू राहावी म्हणून केलेली ही सोय, असे मी सुरुवातीला ठामपणे म्हणत असे. 'स्टार वॉर्स'च्या विश्वात घडणाऱ्या 'अँडोर'च्या दुसऱ्या पर्वाने त्या मताला पहिला धक्का दिला. बारा भाग, आठवड्याला तीन असे चार आठवड्यांत आले आणि प्रत्येक तीन भागांनंतर कथा एक वर्ष पुढे सरकत गेली. मधले सात दिवस त्या सरलेल्या वर्षाची जाणीव द्यायला पुरेसे ठरले. याउलट 'स्ट्रेंजर थिंग्ज'चे शेवटचे पर्व नोव्हेंबरच्या अखेरीस चार, नाताळात तीन आणि वर्ष संपताना एक असे तुकड्यांनी आले. पहिल्या दिवसापासून पाहणाऱ्याला ते एका महिन्याच्या वर्गणीत बसत नाही, आणि थांबणाऱ्याला शेवट आधीच कुठून तरी कळतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेच्या कथेत शेवटच्या पर्वापर्यंत चार वर्षे जातात, प्रत्यक्षात नऊ गेली. तिच्यातल्या शाळकरी मुलांच्या चेहऱ्यांवर ती नऊ वर्षे इतकी स्पष्ट दिसतात, की अनेक प्रसंगांत माझे लक्ष संवादांवरून उडाले.

'द पिट' या रुग्णालयाच्या मालिकेने मात्र माझे समाधान केले. पंधरा भाग, प्रत्येक भाग म्हणजे पाळीतला एक तास, आणि तेही आठवड्याला एक. पहिले पर्व १० एप्रिल २०२५ रोजी संपले, दुसरे ८ जानेवारी २०२६ रोजी सुरू झाले. कथेत दहा महिने उलटलेले आणि आपल्याकडे नऊ, त्यामुळे कामावर परतलेली माणसे एकमेकांना जेवढी विसरलेली असतात तेवढेच आपणही त्यांना. पंधरा आठवड्यांची वर्गणी मी कुरकुर न करता भरली, कारण आठवडाभर मनात घोळलेली माणसे एका रात्रीत पाहून संपवलेल्या माणसांपेक्षा जास्त काळ लक्षात राहतात, हे मला तिथे पटले.

'सेव्हरन्स'च्या अनुभवानंतर पर्व संपताच कोण कुठे आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे वहीत लिहून ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे. 'द पिट'ची अशी दोन पाने भरली होती. जानेवारीत पहिला भाग सुरू करताना वही शेजारी उघडून ठेवली होती. भाग संपला तरी तिच्याकडे पाहावे लागले नाही.