स्क्रायबस १.६ : मराठी पुस्तकाला पक्कं, ताळेबंदाला कच्चं

स्क्रायबस या पानं लावायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलत्या बाजूला जाते, असं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीपासून उद्यमनगरपर्यंत अजूनही ऐकू येतं. १.४ या जुन्या आवृत्तीपर्यंत ते खरं होतं. २०१७ मध्ये आलेल्या १.५.३ पासून अक्षरजुळणीचं काम हार्फबझ नावाच्या यंत्रणेकडे गेलं आणि देवनागरी नीट उमटू लागली. पण १.५ ची सगळी मालिका चाचणीची होती, त्यामुळे धंद्यातल्या माणसांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली. खाली जे लिहिलंय ते याच आवृत्तीबद्दल आहे. कुणाच्या संगणकावर अजून १.४ असेल तर ते काढून टाकून मगच पुढे वाचावं. नव्यात साठवलेली फाइल जुन्यात धड उघडत नाही, हेही लक्षात असू द्या.

आमचं मत आधीच सांगतो. कवितासंग्रह, कादंबरी, आत्मचरित्र, तालीम मंडळाची स्मरणिका, छोटा दिवाळी अंक या कामांना हे सॉफ्टवेअर पुरेपूर उतरतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. दूध संस्था किंवा पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाला मात्र ते कमी पडतं. आणि लोक ज्या अडचणींचं खापर स्क्रायबसवर फोडतात, त्यातल्या बऱ्याचशा मॅटरमधून, म्हणजे टाइप करून आलेल्या मजकुरातून, किंवा फॉन्टमधून आलेल्या असतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली अडचण फॉन्टची. गुगल फॉन्ट्सवरून फॉन्ट उतरवला की झिप फाइलमध्ये बऱ्याचदा एक ‘व्हेरिएबल’ फाइल (सगळ्या जाडी एकाच फाइलमध्ये) आणि एक ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर असतं. व्हेरिएबल फाइल टाकली तर १.६ मध्ये सगळी वजनं, म्हणजे अक्षरांच्या सगळ्या जाडी, मिळत नाहीत. रेग्युलर दिसतो, बोल्ड सापडत नाही. स्टॅटिक फोल्डरमधल्या सुट्या फाइल्स टाका. फॉन्ट टाकताना स्क्रायबस चालू असेल तर ते बंद करून पुन्हा उघडा, तोवर नवा फॉन्ट यादीत येत नाही. इथे खोटा बोल्डही मिळत नाही. फॉन्टच्या कुटुंबात बोल्ड नसेल तर बोल्ड होणार नाही, आणि छपाईच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे.

पुस्तकाच्या मजकुराला आमची पसंती तिरो देवनागरी मराठी या फॉन्टला. त्यात ल आणि श मुळातच मराठी वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ल पुस्तकभर पसरलेला पाहिला की मराठी वाचकाला कुठंतरी खटकतंच, भले नेमकं काय ते त्याला सांगता येवो न येवो. तिरोमध्ये बोल्ड नाही, म्हणून प्रकरणांच्या मथळ्यांना मुक्ता घ्या. राज्य मराठी विकास संस्थेची यशोमुद्राही मोफत मिळते, तीही एकदा लावून पाहावी.

फॉन्ट पक्का करण्याआधी एक ओळ टाइप करून तिचं प्रिंट काढा: ‘दसऱ्याच्या सुट्टीत पन्हाळ्याच्या पायऱ्या, उद्ध्वस्त बुरूज, लक्ष्मीपुरी, श्रीफळ, हृदय, वाङ्मय, ॲडव्होकेट, ऑर्डर, ₹ १२५’. यात ‘ऱ्या’तला आडवा अर्धा र, ‘द्ध्व’ची उतरंड, ‘क्ष्म’, ‘हृ’, ‘ङ्म’, चंद्राचा ॲ आणि रुपयाचं चिन्ह असं सगळं एका ओळीत येतं. ₹ हे चिन्ह २०१० मधलं असल्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडत नाही. स्क्रायबस दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर उसनं घेत नाही. फॉन्टमध्ये नसलेल्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो. इंग्रजी अक्षरांचंही तसंच. फॉन्टमध्ये रोमन नसेल तर पुस्तकाचा आयएसबीएन चौकोनांच्या रांगेत जातो. पडद्यावर हे नजरेतून सुटतं, म्हणून शेवटी ‘प्रीफ्लाइट व्हेरिफायर’ चालवायचाच. कुठल्या पानावर अक्षर हरवलंय ते तो दाखवतो.

आता ‘ऱ्या’बद्दल जरा सविस्तर, कारण मराठी पुस्तकांत सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि नेमक्या या चुका मुद्रितशोधनात निसटतात. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना, ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. गगनबावड्याच्या दऱ्यांचा दर्या झाला की वाक्य वाचता येतं, पण अर्थ बुडतो.

हा आडवा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एक प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ आणि शेवटी ई दाबलं की ‘ऱ्या’ मिळतं. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दोन्ही दिसतात सारखे. पण मॅटर ईमेलमधून, व्हॉट्सॲपमधून किंवा एखाद्या कन्व्हर्टरमधून फिरून येतं तेव्हा ते अदृश्य चिन्ह गळून पडायची भीती असते. ते गळालं की अर्धा र रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसतो. स्क्रायबस बिचारं जे मिळालं तेच उमटवतं.

उपाय मजकूर स्क्रायबसमध्ये आणण्याआधी करायचा, लिब्रेऑफिस रायटरमध्ये. रोमनमध्ये २००डी टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा, अदृश्य चिन्ह तयार होतं. त्याच्या आधी र आणि हलन्त लिहून अदृश्य चिन्हासकट तिन्ही एकत्र कॉपी करा, शोधाच्या चौकटीत टाका आणि त्यांच्या जागी सगळीकडे ‘ऱ्’ घाला. एवढं केलं की पुस्तकात एकच पद्धत राहते, आणि नंतर ‘पायऱ्या’ शोधलं तर सगळ्या पायऱ्या सापडतात. चिन्ह आधीच गळालेलं असेल तर मात्र सरसकट बदल करायचा नाही. ‘कार्यालय’, ‘सूर्या’, ‘आचार्य’ हे शब्द बरोबरच आहेत. ‘र्या’ शोधायचं आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहायची. दीडशे पानांच्या पुस्तकाला एखादा तास जातो, पण दुसरा मार्ग नाही.

जुनं मॅटर ही वेगळीच कथा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल्स आजही दुसऱ्या आवृत्तीसाठी टेबलावर येतात. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नसतात. रोमन अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट बदलला की पानभर अगम्य रोमन अक्षरं दिसतात. त्याच पानावर तिरो लावून काहीही होणार नाही. आधी फॉन्टचं नेमकं नाव शोधा, त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरा. एका कंपनीच्या दोन मालिकांतही अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे पूर्ण पुस्तक टाकण्याआधी दोन पानं करून पाहा. कन्व्हर्ट झाल्यावर रफार, ऱ्या, ऑ-ॲ, अवतरणचिन्हं आणि आकडे या पाच गोष्टी तपासा. बिघडलंच तर बहुधा यांतलं काहीतरी बिघडतं.

मॅटर स्वच्छ झालं की स्क्रायबसमध्ये आणायचं. लिब्रेऑफिसची ओडीटी फाइल ‘गेट टेक्स्ट’मधून घ्या आणि ‘इम्पोर्ट टेक्स्ट ओन्ली’वर खूण करा. खूण केली नाही तर सोबत मंगल, एरियल असे परके फॉन्ट येतात, शिवाय रंगांच्या यादीत एक परका काळा घुसतो. तो आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या मिश्रणाचा असतो, त्यामुळे छपाईच्या प्लेट (दर रंगाला एक) काढताना चार रंगांत फुटतो. एकरंगी पुस्तकाच्या बारीक अक्षराला चार प्लेटचा काळा लागला तर अक्षराच्या कडा सावलीसारख्या दिसतात. खूण केल्यावर ठळक आणि तिरपे शब्द साधे होऊन येतात, तेवढा तोटा सोसायचा. त्या शब्दांना रायटरमध्येच आधी दोन्ही बाजूंनी तारांकन लावून ठेवा, म्हणजे नंतर शोधून पुन्हा ठळक करता येतात.

नवं डॉक्युमेंट उघडताना डेमी १/८ या पुस्तकाच्या आकारासाठी १४० बाय २१६ मिलिमीटर, समोरासमोरची पानं, पहिलं पान उजवीकडे, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड). समास आत २०, बाहेर १५, वर १८, खाली २०. ‘ऑटोमॅटिक टेक्स्ट फ्रेम’वर खूण करा. नवखे लोक इथे हमखास अडकतात. मजकूर संपेपर्यंत स्क्रायबस आपोआप नवी पानं जोडत नाही. दिलेल्या पानांपुढचा मजकूर चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात छोटं लाल चिन्ह दाखवून आत दडून राहतो. म्हणून हिशोब आधीच करायचा. १२ पॉइंट अक्षर आणि १७ पॉइंट ओळ धरली तर या मापात २९ ओळी बसतात आणि परिच्छेदांच्या तुटक ओळी वजा जाता पानाला सुमारे २५० शब्द येतात. ४०,००० शब्दांचं पुस्तक म्हणजे १६० पानं, म्हणजे १६ पानी १० फर्मे (एकत्र छापून घडी घालायचे पानांचे गठ्ठे). मुखपृष्ठामागची पानं, अनुक्रमणिका, प्रस्तावना वेगळी धरा. कमी पडली तर पानं घाला, चौकट निवडून एन कळ दाबा आणि नव्या चौकटीवर क्लिक करा, साखळी पुढे जोडली जाते.

ओळींचं अंतर ‘ऑटोमॅटिक’ ठेवू नका. मध्येच एखादा वेगळ्या फॉन्टचा शब्द आला की त्या ओळीपुरतं अंतर बदलतं आणि डाव्या-उजव्या पानांच्या ओळी एकमेकींना लागत नाहीत. ‘फिक्स्ड’ करून १७ द्या, किंवा बेसलाइन ग्रिड (ओळी बसवायच्या आखीव रेघा) १७ ला लावून त्यावर बसवा. हे सगळं परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये करा, एकेका चौकटीत करू नका. चौकटीत केलेला बदल पुढच्या दुरुस्तीत हरवतो.

दोन्ही कडा जुळवल्यावर शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडली तर काही जण अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवतात. देवनागरीत हे कधीही करू नये. शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. त्याऐवजी स्टाइलमधल्या प्रगत पर्यायांत अक्षराची रुंदी ९८ ते १०२ टक्क्यांच्या आत ताणायची मुभा द्या, डोळ्यांना जाणवत नाही. उरलेल्या ओळी हातानं शब्द तोडून लावा. दिवाळी अंकाच्या अरुंद दोन स्तंभांत तर डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवलेलीच बरी. परिच्छेदाची शेवटची ओळ कडेपर्यंत ताणली जात असेल तर ‘फोर्स्ड जस्टिफाइड’ लागलंय, साधं ‘जस्टिफाइड’ करा.

वार्षिक अहवालाला हे का चालत नाही, तर तक्त्यांमुळे. १.६ मधला तक्ता एका पानावरून दुसऱ्या पानावर वाहत नाही. नफा-तोटा पत्रक तीन पानं चालतं, आणि सभेच्या आदल्या आठवड्यात लेखापरीक्षक एक आकडा बदलतात, तेव्हा सगळे तक्ते हातानं पुन्हा लावावे लागतात. एखाद-दुसरा तक्ता असेल तर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये करून त्याची पीडीएफ काढा आणि स्क्रायबसच्या इम्पोर्ट मेनूतून व्हेक्टर म्हणून, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांच्या रूपात, आणा. तीच पीडीएफ चित्राच्या चौकटीत टाकली तर तिचं चित्र होतं आणि आकडे धूसर छापले जातात. तळटीपांनी भरलेला प्रबंधही रायटरमध्येच ठेवावा. शिवाय लांब साखळीत दुरुस्त्या करताना स्क्रायबस मंदावतं. दोनशे पानांच्या वर पुस्तक असेल तर प्रत्येक प्रकरणाची साखळी वेगळी ठेवा, फरक लगेच कळतो.

छपाईला फाइल देताना आधी घोस्टस्क्रिप्ट हे पानं उलगडून दाखवणारं सहायक सॉफ्टवेअर वेगळं उतरवून बसवा, नाहीतर आउटपुट प्रिव्ह्यू नीट चालत नाही. प्रिव्ह्यूमध्ये एकेक रंग बंद करून पाहा. काळा बंद केल्यावर पानावर अक्षर उरलं, तर कुठंतरी परका काळा आहे. रंगांच्या यादीतून तो पुसा आणि बदली म्हणून ‘ब्लॅक’ निवडा. ‘रजिस्ट्रेशन’ नावाचा रंगही काळाच दिसतो, पण तो चारही प्लेटवर जातो, अक्षराला लावू नका.

पीडीएफ-एक्स या छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकाराचे पर्याय दिसत नसतील तर कलर मॅनेजमेंट (रंगांची जुळवणी) बंद आहे, ते चालू करा. पर्याय दिसतोय पण ‘सेव्ह’ दाबता येत नाही असं झालं तर प्रीप्रेसच्या पानावरची ‘इन्फो स्ट्रिंग’ची जागा रिकामी आहे, तिथे पुस्तकाचं नाव लिहा. फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफमध्येच घालून द्या. प्लेटवाल्याकडच्या यंत्रणेत एखादी मात्रा गळाली तरच दुसऱ्या फेरीत सगळे फॉन्ट आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांची रेखाकृती होते.

फाइल दुसऱ्या संगणकावर न्यायची असेल तर नुसती एसएलए फाइल (स्क्रायबसची स्वतःची फाइल) पेनड्राइव्हवर टाकू नका. फाइल मेनूतलं ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ घ्या आणि फॉन्टवर खूण करा. तिकडे फॉन्ट नसला तर स्क्रायबस उघडतानाच बदली फॉन्ट विचारतं. त्या खिडकीत बदल कायमचा करण्याचा जो पर्याय असतो, त्यावर चुकूनही खूण करू नका. खिडकी बंद करा, फॉन्ट टाका, मग फाइल उघडा.