आल्फ्रेडच्या जागी ७ मिनिटं: ‘वी आर आल्फ्रेड’ वर्गात वापरायचं तर

डोळ्यांवर व्हीआर हेडसेट (आभासी जग दाखवणारं, चष्म्यासारखं बांधायचं यंत्र) चढवला की तुम्ही आल्फ्रेड होता. डॉक्टर समोर बसून बोलतायत, पण त्यांच्या चेहऱ्याच्या जागी काळपट डाग आहे. मान वळवली की डागही वळतो. आवाज तोंडावर उशी धरून बोलल्यासारखा येतो. आल्फ्रेड ७४ वर्षांचा आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झालेली, कानही कमजोर. ऐकू-दिसत नाही म्हणून त्याची उत्तरं चुकतात आणि समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्याची स्मरणशक्ती गेली.

एम्बॉडीड लॅब्ज या अमेरिकी कंपनीचा हा व्हीआर अनुभव जेमतेम ७ मिनिटांचा. कॅरी शॉ यांनी शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात शिकत असताना त्याची सुरुवात केली. मेन राज्यातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांना तो दाखवला गेला. रुग्णाच्या खुर्चीत बसवण्याचं काम तो फार चांगलं करतो. डॉक्टर म्हणून बोलायला मात्र शिकवत नाही, कारण त्यात विद्यार्थी रुग्ण असतो, डॉक्टर नाही. हे ओळखून घेतला तर पैसे वसूल.

एक तांत्रिक उणीव आधीच सांगायला हवी. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटला डोळे कुठे वळले ते कळत नाही, फक्त डोकं कळतं. त्यामुळे डाग डोक्याबरोबर फिरतो, नजरेबरोबर नाही. विद्यार्थी डोळे तिरके करून डागाच्या बाजूनं सहज पाहून घेतो आणि ‘एवढं काही अवघड नाही’ म्हणतो. खऱ्या रुग्णाला ही पळवाट नाही. तो जिथे पाहील तिथेच डाग. म्हणून सुरुवातीलाच बजावावं: नजर सरळ ठेवा, पाहायचं असेल तिकडे मान वळवा. याच कारणामुळे ‘नजरेला नजर दिली’ असे गुण देणारी सॉफ्टवेअर अशा हेडसेटवर प्रत्यक्षात डोक्याची दिशाच मोजतात. त्या गुणांवर परीक्षा घेऊ नये.

१२ जणांच्या तुकडीला ३ हेडसेट पुरतात. ७ मिनिटं अनुभव, ५ मिनिटं पट्टा बसवणं आणि पुसणं. ४ फेऱ्या, म्हणजे ४८ मिनिटं. खुर्ची बिनचाकाची हवी. भिंगांमधलं अंतर जुळवायचं आणि मागचा पट्टा नीट आवळायचा. यातलं काही राहिलं की चित्र धूसर दिसतं आणि तो धूसरपणा आल्फ्रेडचाच आहे असं विद्यार्थ्याला वाटतं! एसी खोलीत गार भिंगावर वाफ धरते, म्हणून हेडसेट दोन मिनिटं चेहऱ्यावर राहू द्यावा. भिंगं कोरड्या मऊ फडक्यानंच पुसायची. स्पिरिट लागलं की लेप जातो. खिडकीकडे तोंड करून हेडसेट ठेवू नये, भिंगातून ऊन एकवटून आतला पडदा जळतो. फिट्स येणाऱ्यांना बसवू नये. मळमळलं की लगेच काढायचा.

विद्यार्थी हेडसेटमध्ये काय पाहतोय ते शिक्षकाला टीव्हीवर हवं असतं आणि बहुतेक वेळा तिथेच अडतं. लॉगिनचं पान येणाऱ्या कॉलेजच्या वायफायवर हेडसेट आणि टीव्ही बहुधा एकमेकांना दिसत नाहीत. त्यासाठी छोटा वेगळा राउटर ठेवावा. अनुभव कोणत्या हेडसेटवर चालेल, तेही कंपनीशी वापराच्या परवान्याचं बोलणं करतानाच पक्कं करावं.

खरी शिकवण हेडसेट काढल्यावर होते. त्यासाठी सलग ३० मिनिटं राखून ठेवावीत. जोड्या करून एकानं आजोबा व्हायचं, कानात फोमचे बोळे घालून. दुसऱ्यानं डॉक्टर व्हायचं आणि खिडकी पाठीशी न घेता, स्वतःच्या तोंडावर उजेड पडेल असं बसायचं. ओरडायचं नाही. वयानं बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. ओरडून ते परत येत नाहीत, जरा खालच्या पट्टीत सावकाश बोलल्यानं बोलणं कळायला सोपं जातं. पहिला प्रश्न: “आजोबा, चष्मा आणलाय ना? कानातलं मशीन चालू आहे का?” शेवटचा: “घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्यायच्या, मला सांगा बघू.” सोबतचा मुलगा मध्येच उत्तर देऊ लागला तर खुर्ची आजोबांकडे वळवून त्यांनाच पुन्हा विचारायचं. आपल्या ओपीडीत हे रोज घडतं, पण आल्फ्रेडमध्ये मराठी घर नाही, म्हणून हा प्रसंग शिक्षकानंच घालावा.

एमबीबीएसला २०१९ च्या तुकडीपासून एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग) आहे; त्यातल्या एका दुपारच्या सत्रात हे सगळं बसतं. ही ३० मिनिटं मिळणार नसतील तर परवाना घेऊ नका. फोमचे बोळे आणि मधोमध काळा कागद चिकटवलेला चष्मा घेऊन जोड्यांचा सराव तेवढा करा.