कर्नल बिल्ड: लॅपटॉप, रास्पबेरी पाय की रिस्क-फाइव्ह?

गोव्यात फर्मागुडीला, वेर्ण्याला किंवा ताळगावच्या पठारावर शिकताना शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) स्वतः बिल्ड करायचं, म्हणजे सोर्सपासून (मूळ कोडपासून) तयार करायचं ठरलं, की लगेच पुढचा प्रश्न येतो: कुठल्या प्रोसेसरसाठी? हाताशी असलेला इंटेल-एएमडीचा लॅपटॉप, एआरएम प्रोसेसरवरचा रास्पबेरी पाय (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक), की सध्या बोलबाला असलेला रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेचा बोर्ड?

बहुतेक जण कंपाइलला (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर व्हायला) वेळ किती लागेल यावरून ठरवतात. ही मोजपट्टीच चुकीची आहे. कंपाइलची आज्ञा तिन्हीकडे जवळपास एकच, आणि वेळेवर उपायही आहे. खरा फरक कळतो तो कर्नल तयार झाल्यावर, बूट होताना. त्याहून जास्त तो बूट होत नाही तेव्हा. म्हणून निवड करताना विचारायचं एवढंच: पडदा काळा राहिला तर मला परत येता येईल का, आणि किती मिनिटांत?

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत.)

आधी सोर्स

सत्तरीत किंवा पेडण्याच्या आतल्या गावात मोबाइल डेटावर काम करणार असाल, तर पूर्ण गिट क्लोनच्या (गिट म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, क्लोन म्हणजे त्याची प्रत) नादी लागू नका. इतिहासासकट ते काही जीबींचं होतं आणि मध्येच नेटवर्क गेलं तर पुन्हा पहिल्यापासून, कारण अर्धवट क्लोन पुढे चालू होत नाही. टारबॉल, म्हणजे सोर्सची एकत्र बांधलेली फाइल, सुमारे १५० एमबीचा असतो आणि डब्ल्यूगेटला (फाइल उतरवणाऱ्या आज्ञेला) ‘-सी’ हा पर्याय दिला की तुटला तिथूनच पुढे उतरतो. दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती घ्या, उदाहरणार्थ नोव्हेंबर २०२४ मधली ६.१२. पायसाठी मात्र रास्पबेरी पायवाल्यांचीच गिट शाखा लागते. ती ‘डेप्थ=१’ देऊन, म्हणजे जुना इतिहास वगळून घ्या.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांनी सोर्स सी ड्राइव्हवर ठेवू नये, लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवावा. कर्नलमध्ये नेटफिल्टर या नेटवर्क गाळणाऱ्या भागाच्या काही फाइलींच्या नावांत फरक फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा आहे. विंडोजच्या (आणि मॅकच्या नेहमीच्या) डिस्कवर त्या एकमेकींवर लिहिल्या जातात, आणि मग आपण हातही न लावलेल्या फाइली गिटमध्ये बदललेल्या दिसतात. शिवाय सी ड्राइव्हवर बिल्डचा वेगही पार मंदावतो.

एका नजरेत

(एक्स८६-६४ म्हणजे इंटेल-एएमडीचा लॅपटॉप. आर्च म्हणजे कर्नल कुठल्या प्रोसेसरसाठी ते सांगणारी किंमत. क्रॉस कंपायलर म्हणजे एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी कोड बनवणारा कंपायलर. डिव्हाइस ट्री म्हणजे हार्डवेअरचं वर्णन, आणि डीटीबी ही त्याची तयार फाइल. एसीपीआय आणि पीसीआय म्हणजे पीसीवर हार्डवेअरची ओळख सांगणाऱ्या व्यवस्था. फर्मवेअर म्हणजे मशीनमध्येच असलेलं पायाभूत सॉफ्टवेअर; यूईएफआय आणि ओपनएसबीआय त्यातलेच. ग्रब आणि यू-बूट कर्नल शोधून चढवतात. सीरियल केबलवरून बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दिसतात.)

| | एक्स८६-६४ | एआरएम६४ (पाय ४, ५) | रिस्क-फाइव्ह |
|---|---|---|---|
| आर्चची किंमत | देण्याची गरज नाही | एआरएम६४ | रिस्कव्ही |
| क्रॉस कंपायलरचा उपसर्ग | नाही | एआर्च६४-लिनक्स-ग्नू- | रिस्कव्ही६४-लिनक्स-ग्नू- |
| तयार होणारी फाइल | बीझेडइमेज | इमेज, शिवाय डीटीबी | इमेज, शिवाय डीटीबी |
| हार्डवेअरची माहिती कोण देतं | एसीपीआय, पीसीआय | डिव्हाइस ट्री | डिव्हाइस ट्री |
| बूट कोण करतं | यूईएफआय, ग्रब | पायचं फर्मवेअर, कॉन्फिग.टीएक्सटी | ओपनएसबीआय, यू-बूट |
| फसल्यास परतीची वाट | ग्रबमधला जुना कर्नल | कार्ड काढून फाइल बदला | सीरियल केबल |

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. पीसीवर फर्मवेअर आणि बस (भाग जोडणारी वाहिनी, इथे पीसीआय) मिळून कर्नलला सांगतात की अमुक डिस्क आहे, अमुक नेटवर्क कार्ड आहे. बोर्डावर तसं सांगणारं कोणी नसतं. कुठला चिप कुठल्या पत्त्यावर आहे हे डिव्हाइस ट्रीच्या फाइलीत आधीच लिहून द्यावं लागतं. कर्नल नवा आणि डीटीबी जुनी राहिली, तर बूट होतं पण वायफाय नाही, किंवा आवाज नाही, असले अर्धवट प्रकार घडतात.

एक्स८६: सोपं, पण कॉन्फिगमध्ये खड्डे

इथे लोक बूट फोल्डरातला चालू कॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं त्याची यादी) उचलतात, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ करतात (मेक म्हणजे बिल्ड चालवणारं साधन; ही आज्ञा नव्या पर्यायांना ठरलेल्या किमती देते) आणि बिल्ड सोडतात. डेबियन-उबुंटूवर तो थोड्याच वेळात प्रमाणपत्राची पेम फाइल सापडत नाही म्हणून थांबतो. कारण त्या कॉन्फिगमध्ये वितरकाच्या (डेबियन-उबुंटूवाल्यांच्या) डिजिटल सहीच्या किल्ल्यांचा पत्ता असतो आणि त्या फाइली तुमच्या सोर्समध्ये नसतात. ‘सिस्टम ट्रस्टेड कीज’ आणि ‘सिस्टम रिव्होकेशन कीज’ या दोन्ही किमती रिकाम्या करा.

त्याच कॉन्फिगमध्ये डीबग माहितीही (दोष शोधण्यासाठीची जास्तीची माहिती) चालू असते. ती ठेवली तर बिल्डचं फोल्डर २० जीबीच्या पुढे सहज जातं, आणि बीटीएफ (त्याच माहितीचं आटोपशीर रूप) चालू असेल तर पाहोल हे साधनही लागतं (डेबियनवर ते ड्वार्व्ह्ज या पॅकेजासोबत येतं). गरज नसेल तर डीबग माहिती बंदच करा. मॉड्यूल (कर्नलचे गरजेनुसार चढणारे तुकडे, बहुधा ड्रायव्हर) बसवताना ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ द्या, नाहीतर इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल) फुगून लहानसं बूट पार्टिशन भरतं.

‘लोकलमॉडकॉन्फिग’ हा आवडता आखूड रस्ता. चालू असलेली मॉड्यूलंच ठेवतो, त्यामुळे बिल्ड कितीतरी पट लवकर होतो. पण त्या क्षणी न जोडलेला प्रिंटर, फोनचं टेथरिंग, बाहेरची डिस्क यांचे ड्रायव्हर गळतात. आधी सगळं एकदा जोडून घ्या, मगच ती आज्ञा द्या.

‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस’ (मुख्य फाइलव्यवस्था, म्हणजे रूट, उघडता आली नाही) असा संदेश दिसला, तर बहुधा डिस्कचा किंवा एक्सटी४ या फाइलव्यवस्थेचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला आहे आणि इनिटआरडी बनलेलं नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतःचा कर्नल सहीशिवाय चढतच नाही. सराव करताना तो बंद ठेवणं सोयीचं. एवढं होऊनही ग्रबच्या यादीत जुना कर्नल असतोच, पुन्हा सुरू करून तो निवडायचा. फक्त ‘लोकलव्हर्शन’मध्ये स्वतःचा शेपटा (समजा ‘-फोंडा१’) जोडायला विसरू नका, नाहीतर त्याच आवृत्तीच्या चालू कर्नलची मॉड्यूलं पुसून त्यावर नवी बसतील.

एआरएम६४: शिकायला सगळ्यात चांगलं

पाय ३, ४ आणि झीरो २ डब्ल्यूसाठी ‘बीसीएम२७११_डेफकॉन्फिग’ हा तयार कॉन्फिग, पाय ५ साठी ‘बीसीएम२७१२_डेफकॉन्फिग’. दुसऱ्यात मेमरीचं पान (मेमरी वाटण्याचं एकक) १६ केबीचं असतं, नेहमीचं ४ केबीचं नाही. काही जुने प्रोग्राम, विशेषतः ३२-बिटचे, त्यावर सुरूच होत नाहीत. तेव्हा दोष आपल्या बिल्डमध्ये शोधण्याआधी कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये कर्नल८.आयएमजी (४ केबी पानांचा कर्नल) लावून पाहा.

लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल करताना सगळ्यांची एकच चूक होते. पहिली आज्ञा आर्च देऊन, आणि दुसरी, बहुधा ‘मेनूकॉन्फिग’ (पर्याय निवडण्याचा मेनू), ते न देता. दुसऱ्या आज्ञेला वाटतं काम एक्स८६चं आहे. ती कॉन्फिग तशी लिहून टाकते आणि पायचे पर्याय निमूटपणे गायब होतात. ओरडा होत नाही, हाच त्रास. आर्च आणि क्रॉस_कंपाइल या दोन्ही किमती एक्सपोर्ट करून (टर्मिनलमधल्या पुढच्या सगळ्या आज्ञांसाठी ठरवून) ठेवल्या तर हे टळतं. पण सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा प्रोग्राम) त्या किमती पुढे नेत नाही, म्हणून मॉड्यूल बसवण्याच्या आज्ञेत त्या पुन्हा लिहाव्या लागतात. त्याच आज्ञेत ‘इन्स्टॉल_मॉड_पाथ’ (मॉड्यूलं कुठे बसवायची तो पत्ता) राहिला, तर पायची मॉड्यूलं तुमच्या लॅपटॉपच्या लिब-मॉड्यूल्समध्ये जाऊन बसतात.

दोन आर्किटेक्चर (प्रोसेसरच्या जाती) एकाच सोर्सवरून हवी असतील तर ‘ओ=’ देऊन प्रत्येकाचं बिल्ड फोल्डर वेगळं ठेवा. आधी सोर्समध्येच एकदा बिल्ड केलेला असेल तर मेक अडून बसतो आणि ‘एमआरप्रॉपर’ (सोर्स पूर्ण साफ करणारी आज्ञा) करायला सांगतो. ही आज्ञा कॉन्फिगही पुसते, आधी प्रत काढून ठेवा.

पायवरच बिल्ड करणाऱ्यांसाठी एक वेगळा सापळा. ३२-बिट रास्पबेरी पाय ओएसवरही पाय ४ चा कर्नल ६४-बिटचा असू शकतो. मेक कर्नलकडे बघून एआरएम६४ धरतो, कंपायलर मात्र ३२-बिटचा असतो, आणि ‘एमएबीआय=एलपी६४’ ओळखता येत नाही अशी तक्रार येते. ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ने ३२ छापलं तर प्रश्न तिथेच आहे.

पायला झुकतं माप देण्याचं कारण परतीची वाट. नवा कर्नल वेगळ्या नावाने ठेवायचा आणि कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये ‘कर्नल=’ या ओळीत ते नाव द्यायचं. नाही चाललं तर कार्ड काढा, कुठल्याही संगणकात, अगदी विंडोजमध्ये घाला, ती ओळ पुसा. दोन मिनिटांचं काम. कार्डावरचं बूट पार्टिशन फॅटचं (विंडोजलाही वाचता येणारं) असल्यामुळे हे जमतं.

रिस्क-फाइव्ह: बोर्डाआधी क्यूईएमयू

लिनक्समध्ये रिस्क-फाइव्ह २०१८ मध्ये ४.१५ सोबत आलं. एआरएम६४ त्याआधी पाच वर्षं, ३.७ मध्ये. हे अंतर अजून जाणवतं. मूळ कर्नल बिल्ड होतो, प्रश्न बोर्डाचा असतो. व्हिजनफाइव्ह २ सारख्या बोर्डावर (जेएच७११० चिप, चार यू७४ कोअर) उत्पादकाची कर्नल शाखा आणि मूळ कर्नल यांत काय चालतं, काय नाही, हे आवृत्तीगणिक बदलतं. विकत घेण्याआधी ते तपासा. भविष्याचाही विचार करा: उबुंटूने २५.१० पासून रिस्क-फाइव्हसाठी आरव्हीए२३ ही पातळी (प्रोसेसरला कोणत्या सूचना यायलाच हव्यात याची यादी) सक्तीची केली, आणि असे जुने बोर्ड तीत बसत नाहीत.

बोर्ड नसताना क्यूईएमयू या दुसऱ्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचं ‘व्हर्ट’ मशीन पुरतं. ‘डेफकॉन्फिग’, मग बिल्ड, मग तयार झालेली इमेज ‘-कर्नल’ला द्यायची. ओपनएसबीआय क्यूईएमयूसोबतच येतं. ‘-नोग्राफिक’ दिलं की बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स. काहीच छापलं जात नसेल तर कर्नलच्या ओळीत ‘अर्लीकॉन=एसबीआय’ (अगदी सुरुवातीचे संदेश दाखवणारा पर्याय) टाका. शेवटी रूट सापडलं नाही म्हणून कर्नल पॅनिक होईल (संदेश देऊन थांबेल), ते अपेक्षितच आहे. तिथवर पोहोचला म्हणजे कर्नल बरोबर आहे, पुढे इनिटरॅमएफएस (मेमरीत चढणारी सुरुवातीची छोटी फाइलव्यवस्था) द्यायचं.

खऱ्या बोर्डावर यूएसबी-सीरियल केबलशिवाय हात घालू नका. ती ३.३ व्होल्टची हवी, ५ व्होल्टची केबल बोर्डाची पिन जाळू शकते. वेग ११५२०० बॉड. गिचमिड अक्षरं दिसली तर वेग चुकला आहे किंवा ग्राउंडची तार सैल आहे. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत स्वस्त जम्पर तारांची टोकं लवकर गंजतात, तेव्हा तारही बदलून बघा.

बोर्डावरच, की लॅपटॉपवर?

जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि उत्तर बऱ्याच अंशी इथेच मिळतं. लॅपटॉपला बॅटरी असते, बोर्डाला नसते. बिल्ड चालू असताना वीज गेली तर शून्य आकाराच्या ओ फाइली (कंपाइल झालेले तुकडे) मागे राहतात. मेकला वाटतं त्या झालेल्या आहेत, आणि शेवटी लिंकर (ते तुकडे जोडणारा प्रोग्राम) ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइझ्ड’ म्हणून अडतो. ‘फाइंड’ने शून्य आकाराच्या ओ फाइली शोधून पुसा, मग मेक पुन्हा चालवा. एसडी कार्डाची फाइलव्यवस्थाच बिघडली, तर मात्र तेवढ्यावर भागत नाही.

वेळेचं म्हणाल तर पाय ४ वर दीड-दोन तास धरा, व्हिजनफाइव्हवर त्याहून बराच जास्त. पाय ५ ला पंखा हवाच, ८० अंशांच्या पुढे तो स्वतःचा वेग कमी करतो आणि एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत ८० गाठायला वेळ लागत नाही. लॅपटॉपवर ‘-जे’चा आकडा (एका वेळी किती कामं चालवायची तो) रॅम बघून द्या. ८ जीबीच्या मशीनवर ब्राउझर उघडा ठेवून ‘-जे१६’ दिलं, तर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द छापून बिल्ड पडतो. ४ पुरे.

दर आर्किटेक्चरसाठी जीसीसी हा नेहमीचा कंपायलर वेगळा बसवण्याचा कंटाळा असेल तर क्लँग हा दुसरा कंपायलर वापरा: ‘एलएलव्हीएम=१’ आणि आर्च दिलं की एकच कंपायलर तिन्हीकडे चालतो.

मग घ्यायचं काय

ड्रायव्हर किंवा सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे मागायची सेवा) लिहून बघायचा आहे आणि हातात फक्त लॅपटॉप आहे: एक्स८६, तेही व्हर्च्युअल मशीनमध्ये. रोजच्या मशीनवर नको.

सेन्सर, पिना, डिव्हाइस ट्री यांवर प्रकल्प आहे: पाय ४, बिल्ड लॅपटॉपवर. पाय ५ ला जास्तीचे पैसे वेगासाठी मोजा, कर्नल शिकण्यासाठी नाही.

रिस्क-फाइव्हचंच आकर्षण असेल तर आधी क्यूईएमयूवर इनिटरॅमएफएससह शेलपर्यंत (आज्ञा टाइप करता येतात तिथवर) पोहोचा. चवथीच्या सुट्टीत एवढं आरामात होतं. त्यानंतरही बोर्ड घ्यावासा वाटला, तर ऑर्डरमध्ये ३.३ व्होल्टची केबल आणि दुसरं एसडी कार्ड त्याच वेळी घाला.